‘सवय होईल’ या वाक्याविरुद्ध

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या रुग्णाला जी वाक्ये ऐकावी लागतात, त्यांत दिसावयास सर्वांत निरुपद्रवी आणि परिणामी सर्वांत अपायकारक असे वाक्य एकच आहे : ‘सवय होईल.’ आमच्या इंदुरात ते ‘आदत पड़ जाएगी’ असे ऐकू येते, वडोदऱ्यास ‘टेव पडी जशे’ असे. पुण्या-मुंबईस राहणाऱ्या आमच्या आप्तांना ते शुद्ध मराठीत ऐकण्याचे भाग्य लाभते. भाषा कोणतीही असो, आशय बदलत नाही. बसविलेली वस्तू तुमच्या तोंडात नीट बसत नसेल, तर तोंडाने त्या वस्तूशी जुळवून घ्यावे, हा तो आशय. या वाक्यास आमचा विरोध आहे आणि तो येथे सकारण मांडावयाचा आहे.

साहित्यविषयक पत्रिकेत दाढेचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आपल्या कोणत्याही कार्यक्रमानंतर पोहे आणि सेव यांच्या बशा फिरू लागल्या की सभागृहात जरा निरखून पाहावे. कोण एकाच बाजूने चावतो, कोण सेव बाजूला सारून नुसते पोहे खातो आणि कोण जिभेने दातांच्या फटीत काही शोधत असतो, हे पाहिले की हा विषय आपल्या वाचकांपासून किती दूर आहे ते कळेल. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. ‘सवय होईल’ या वाक्याने जे नाकारले जाते ते दुखणे नव्हे, ते रुग्णाचे बोलणे होय. आपल्याच तोंडात काय घडते आहे हे सांगण्याचा अधिकार माणसाला आहे की नाही, आणि त्या सांगण्याला पुरावा म्हणून काही मोल आहे की नाही, हा वाद अखेर शब्दांचा वाद आहे. तो आम्ही येथे नाही तर कोठे मांडावा?

प्रथम वस्तूची ओळख. ज्यास दंतवैद्यकात ‘क्राउन’ म्हणतात व आपण सारे ‘कॅप’ म्हणतो, ते बहुधा रूट कॅनाल झालेल्या वा फार किडलेल्या दाढेवर बसविण्याचे टोपण होय. अशा दाढेचा बराच भाग गेलेला असतो, त्यामुळे चावण्याच्या दाबाने ती चिरण्याची भीती असते. म्हणून उरलेली दाढ सर्व बाजूंनी व वरून कोरून कमी करतात, तिचे माप घेतात आणि त्या मापावरून धातूची, धातूवर सिरॅमिकचा थर दिलेली किंवा झिर्कोनियाची कॅप लॅबमध्ये घडवून आणतात. वरच्या बाजूने दीड ते दोन मिलिमीटर दाढ सहज कोरली जाते. कोरलेला दात पुन्हा वाढत नाही. म्हणजे कॅप चुकली तर मागे जाण्याची वाट नाही. पुढे जाऊनच ती सुधारावी लागते. चूक दुरुस्त करण्याची जबाबदारी येथे इतर अनेक व्यवसायांहून जड आहे, ती यामुळेच.

कॅप ‘नीट बसली’ म्हणजे ती चार ठिकाणी जुळली. हिरडीजवळ तिची कड दाढेच्या कडेशी मिळाली पाहिजे. शेजारच्या दोन्ही दातांशी तिचा स्पर्श ना फार सैल ना फार घट्ट असा असला पाहिजे. समोरच्या दातांशी ती इतर दातांबरोबर, एकाच वेळी टेकली पाहिजे. आणि तिचा बाहेरचा फुगवटा मूळ दाढेसारखा असला पाहिजे. पहिले चुकले तर फटीतून लाळ व जंतू आत जातात आणि कॅपच्या खाली कीड लागते. दुसरे चुकले तर प्रत्येक घासाचा तंतू तेथे अडकतो व हिरडी सुजते. तिसरे चुकले तर चावण्याचा सारा भार एकट्या त्या दाढेवर येतो, दाढ दुखते, जबड्याचे स्नायू अवघडतात, कधी कॅपचा टवका उडतो, तर कधी समोरचा दातच चिरतो. चौथे चुकले तर हिरडी कायमची नाराज राहते.

ही जुळणी किती सूक्ष्म असावी लागते? कडेच्या फटीविषयी मॅक्लीन आणि फॉन फ्रॉनहोफर या संशोधकांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून 120 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाहूनही थोडी कमी, ही मर्यादा पुढे आली आणि आजही तिचाच दाखला देतात. उंचीविषयी तर संशोधनाचीही गरज नाही. भातातला बारीक खडा किंवा घासातला केस दातांखाली येताच आपण थांबतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सुमारे 0.2 मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. दात त्या पडद्यात टांगलेला असतो आणि दाबाची जाणीव त्या पडद्यातील मज्जातंतू देतात. केसाहून पातळ वस्तूही त्यांना कळते. तेव्हा ‘कॅप उंच लागते’ असे रुग्ण म्हणतो त्या वेळी तो तक्रारखोरपणा करीत नसतो. दवाखान्यात असलेल्या कोणत्याही रंगीत कागदाइतके अचूक असे एक उपकरण त्याच्या तोंडात निसर्गानेच बसविलेले आहे आणि त्याचे मोजमाप तो वाचून दाखवीत असतो.

आता आमची हकीकत. ती येथे देतो ती तिच्यात काही विलक्षण आहे म्हणून नव्हे. ती अगदी सामान्य आहे म्हणूनच.

खालच्या उजव्या बाजूच्या पहिल्या मोठ्या दाढेचे, दंतवैद्यांच्या गणनेत 46 क्रमांकाच्या दाताचे, रूट कॅनाल झाले. ते काम चांगले झाले, हे प्रथम नमूद करतो. आठवड्याने लॅबमधून कॅप आली. हिरडी बधिर करून, आम्हांस खुर्चीत आडवे ठेवूनच, रंगीत कागद दोनदा चाववून घेतला, कॅप थोडी घासली आणि त्याच बैठकीत पक्क्या सिमेंटने बसविली. संध्याकाळी बधिरपणा उतरला तेव्हा तोंड मिटताच ती एक दाढ टेकत होती आणि बाकीचे दात अधांतरी होते. तिसऱ्या दिवसापासून कानापुढचा स्नायू दुखू लागला. आठवड्याने गेलो. तोंड न पाहताच उत्तर मिळाले : ‘अंकलजी, आदत पड़ जाएगी.’ पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो. या खेपेस उत्तर बदलले : ‘नस तो निकाल दी है, अब दर्द कहाँ से होगा?’ तिसऱ्या खेपेस आमच्या वयाचा उल्लेख झाला आणि रात्री दात खाण्याची सवय आहे काय, अशी पृच्छा झाली. त्याच बैठकीत, काही न विचारता, कॅपऐवजी तिच्या समोरची वरची दाढ घासण्यात आली. ती दाढ आमची स्वतःची, निरोगी, कोणत्याही उपचाराची वाट न पाहणारी अशी होती.

पुढे सव्वा वर्ष आम्ही डाव्या बाजूने जेवलो. त्या दाढेमागे अन्न अडकू लागले, हिरडीतून रक्त येऊ लागले. पुन्हा विचारले असता पूर्ण दराने नवी कॅप करण्याचा प्रस्ताव आला. जुना एक्स-रे मागितला तो मिळाला नाही. कॅप कोणत्या लॅबमध्ये बनली ते कळले नाही. हाती असलेल्या पावतीवर ‘दंतोपचार’ एवढाच शब्द व साडेसहा हजारांचा आकडा होता. अखेर दुसऱ्या एका दंतवैद्यांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि पडद्यावर कॅपच्या मागच्या कडेशी असलेली फट बोटाने दाखविली. कॅप कापून काढली तेव्हा खाली कीड होती. नस काढलेली असल्यामुळे ती कीड दुखून सांगू शकली नव्हती. दाढ वाचली. नवी कॅप त्यांनी पंधरा दिवस कच्च्या सिमेंटवर ठेवली व ‘जेवून पाहा, मग सांगा’ असे म्हणून घरी पाठविले. दोन दंतवैद्यांमधला सारा फरक या एका वाक्यात आला.

आम्हांस मिळालेल्या उत्तरांचा आता क्रमाने समाचार घेऊ.

‘नस काढली आहे, तेव्हा दुखणार नाही’ हे उत्तर शास्त्राच्या विरुद्ध आहे. रूट कॅनालमध्ये काढतात तो दाताच्या आतला जिवंत भाग. दाताबाहेरचा, मुळाभोवतीचा तंतूंचा पडदा तसाच राहतो आणि दाबाचे दुखणे त्या पडद्याचे असते. थंड-गरम कळणार नाही, हे खरे; उंच लागलेले कळणार नाही, हे खोटे. उलट नस काढलेल्या दाढेत कीड लागली तर ती मुकी राहते. म्हणून अशा रुग्णाचे ऐकताना अधिक काळजी घ्यावयास हवी, कमी नव्हे.

वयाचे उत्तर तर उत्तरच नव्हे. कॅप बसविण्याच्या आदल्या दिवशीही आमचे वय तेच होते आणि त्या दिवशी आमचे सर्व दात एकमेकांवर नीट टेकत होते.

रात्री दात खाण्याची सवय अनेकांना असते व तिच्यामुळे कॅप फुटते, जबडा दुखतो, हे आम्ही मान्य करतो. परंतु मग ही विचारपूस कॅप घडविण्यापूर्वी व्हावयास हवी होती. काम बिघडल्यावर आठवलेला प्रश्न रुग्णाच्या हितासाठी विचारलेला नसतो.

राहता राहिली ‘सवय’. येथे न्यायाने बोलले पाहिजे. नव्या कॅपची काही सवय खरोखरच व्हावी लागते. जिभेला नवा आकार दोन-चार दिवस परका वाटतो, हिरडी थोडी हुळहुळते, शेजारच्या दातांत किंचित ताण जाणवतो. हे सारे आपोआप जाते. उंच दाढ हळूहळू दबून आपली जागा करून घेते, असाही युक्तिवाद कोणी करील. दात असे सरकतात, हे खरे आहे. नॉर्वेचे दंतवैद्य डाल यांनी 1975 मध्ये याच गुणाचा उपयोग करून घेण्याची पद्धत मांडली व ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. परंतु ती योजना आहे : काही दात मुद्दाम उंच करायचे, रुग्णास आधी सांगायचे आणि महिनोन्महिने पाहणी करीत राहायचे. घाईत उंच राहिलेल्या कॅपला नंतर त्या योजनेचे नाव देणे म्हणजे वाट चुकल्यावर ‘इकडेच यायचे होते’ असे म्हणणे होय. एकच दाढ आधी टेकणे, चावताना दुखणे, घास अडकणे, कड जिभेला लागणे यांपैकी कशाचीही सवय होत नाही. होते ती दुसऱ्या बाजूने चावण्याची सवय, आणि तिला बरे होणे म्हणत नाहीत.

आता भाषेकडे येतो. आपल्या मराठीत तोंडातल्या दुःखाला एक शब्द नाही, अनेक आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. दात ठणकतो तेव्हा नाडीच्या ठोक्यासारखे दुखते. सूज व पू यांच्याशी त्याचे नाते असते. दात शिवशिवतो तो गार पाण्याने वा गोडाने. दात आंबतो तो चिंच-कैरीने. कळ येते ती एकाएकी, आणि जाते. हिरडी हुळहुळते ती स्पर्शाने. कड टोचते. जबडा अवघडतो. आणि ज्याला दुखणे म्हणता येत नाही, पण जे क्षणभर विसरू देत नाही, ते सलते. या प्रत्येक शब्दात एक निदान दडलेले आहे. ठणकणाऱ्या दाताची वाट वेगळी आणि सलणाऱ्या कॅपची वेगळी, हे कोणतीही आजी सांगू शकेल आणि कोणत्याही चांगल्या दंतवैद्याला ते हवेच असते.

आपण मंडळी महाराष्ट्राबाहेर राहतो. पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहून हिंदी आपलीच झाली आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. टीस, चुभन, कसक, झनझनाहट असे सुंदर शब्द तिच्यापाशी आहेत. परंतु दुःखाचे शब्द माणूस बहुधा ज्या भाषेत लहानपणी रडला त्याच भाषेत शोधतो. डॉक्टर विचारतात, ‘दर्द है?’ आपण क्षणभर थांबतो. कारण जे आहे ते ‘दर्द’ नाही, ते ‘सलणे’ आहे. आपण प्रामाणिकपणे म्हणतो, ‘दर्द तो नहीं, मगर...’ आणि ‘मगर’च्या पुढचे कोणी ऐकत नाही. कागदावर नोंद होते : वेदना नाही. त्यातही तोंडात कापूस, नळी आणि आरसा असेल तर ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण शब्दशः खरी होते. बेळगावात कानडीत, वडोदऱ्यास गुजरातीत, हैदराबादेस तेलुगू वा दखनीत दुखणे सांगणाऱ्या आपल्या बांधवांची गत याहून निराळी नसावी. शिवाय, महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी सुस्कारा सोडू नये. तेथे डॉक्टर मराठी बोलतात, परंतु प्रश्न तोच एक असतो : ‘दुखतंय का?’ हो किंवा नाही.

दंतवैद्यांची बाजूही आहे आणि ती आम्ही नजरेआड करीत नाही. खासगी महाविद्यालयांचे भरमसाट शुल्क भरून, कर्ज काढून दवाखाना थाटलेला तरुण प्रत्येक खुर्चीच्या तासाचा हिशेब करतो. एकाच रस्त्यावर पाच दवाखाने असल्याने दर पाडावे लागतात. दर पाडले की लॅबही स्वस्तातली शोधावी लागते. पुष्कळदा चूक माप घेताना नव्हे, तर लॅबमध्ये झालेली असते. आणि घासाघीस करून दर उतरविणारे रुग्णही आपणच असतो. हे सर्व खरे. परंतु यांतील कोणतेही कारण ‘सवय होईल’ या वाक्याचे समर्थन करीत नाही. कॅप चुकली, हा दोष आम्ही क्षम्य मानतो. हाताने होणाऱ्या कामात ती चुकणारच. चुकलेली कॅप पक्क्या सिमेंटने बसवून नंतर रुग्णाच्या तोंडालाच दोषी ठरविणे मात्र क्षम्य नाही. लॅबकडून चुकीची वस्तू आली तर ती परत पाठविण्याचा अधिकार दंतवैद्याला आहे. हा अधिकार तो वापरीत नाही तेव्हा लॅबचा दोष तो स्वतःच्या नावावर लिहून घेतो. आणि ज्या तपासण्या आम्ही सुचवितो त्यांना काही मिनिटेच लागतात. ती वाचवून दंतवैद्य रुग्णाच्या चार फेऱ्या आणि स्वतःचा लौकिक खर्च करतो.

कायदा काय म्हणतो, हेही वाचकांस ठाऊक असावे. दंतवैद्यांचा कायदा 1948 चा. त्याच कायद्यात लॅबमध्ये काम करणाऱ्या ‘डेंटल मेकॅनिक’च्या नोंदणीचीही तरतूद केलेली होती, म्हणजे कॅप कोणी घडविली हा प्रश्न तेव्हापासूनच गैरलागू मानलेला नाही. भारतीय दंत परिषदेने 2014 मध्ये सुधारलेल्या आचारसंहितेत रुग्णाच्या नोंदी ठेवणे हे दंतवैद्याचे कर्तव्य सांगितले आहे. 2023 मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा संमत केला. परिषद असो वा आयोग, हे कर्तव्य सुटत नाही. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता प्रकरणात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निर्णय दिला. 2008 मध्ये समीरा कोहली प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की उपचारास संमती हवी, आणि ती रुग्णास पुरेशी माहिती देऊन घेतलेली हवी. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्या उपचाराला लागू होत नाही. समोरची निरोगी दाढ न विचारता घासणाऱ्यांनी हा निर्णय वाचावा. कधी समोरचा दात घासणे आवश्यकही असते, परंतु ते आधी सांगून, विचारून करावयाचे असते.

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेही तक्रार नोंदविता येते, ती कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत करावी लागते, आणि मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. ‘पाहू, होईल सवय’ म्हणत सव्वा वर्ष घालविणाऱ्याच्या हाती किती मुदत उरते, त्याचा हिशेब वाचकांनी करावा. ‘सवय होईल’ हे वाक्य असे कायद्याच्या मुदतीलाही गिळते. तथापि आयोगाचा दरवाजा हा उपाय आहे, उपचार नव्हे. तेथे कागद लागतात आणि कागदच दिले जात नाहीत. दाढेसाठी वर्षानुवर्षे तारखा मोजण्याची पाळी कोणावर येऊ नये, म्हणून आमचा आग्रह आधीच्या पायरीवर आहे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. पहिली : पक्के सिमेंट लावण्यापूर्वी रुग्णास सरळ बसवून दातांवर दात टेकवावयास सांगावे आणि ‘सर्व दात एकदम टेकतात का?’ हा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहावी. आडवे असताना व बसलेले असताना जबडा एकसारखा मिटत नाही आणि बधिर तोंड साक्ष देऊ शकत नाही. शंका असेल तर कॅप काही दिवस कच्च्या सिमेंटवर ठेवावी. दुसरी : शेजारच्या दातांमधून फ्लॉसचा दोरा ओढून पाहावा, कडेवरून टोकदार सळई फिरवून पाहावी आणि जेथे शंका राहते तेथे एक्स-रे काढावा. तिसरी : बसविल्यावर कॅप घासावी लागली तर ती पुन्हा गुळगुळीत करावी, खरखरीत राहिलेला झिर्कोनिया समोरच्या दाताला कानसासारखा झिजवितो. चौथी : पावतीवर दाताचा क्रमांक, कॅपचा पदार्थ, लॅबचे नाव व तारीख लिहावी आणि एक्स-रेची प्रत रुग्णास द्यावी. पाचवी : ठरावीक मुदतीत जुळणीचा दोष आढळल्यास कॅप विनामूल्य बदलून देण्याची हमी आधीच लेखी द्यावी. चांगले दंतवैद्य यांतील बहुतेक गोष्टी न मागता करतात. मागणी आहे ती बाकीच्यांकडे.

रुग्णांनीही काही पथ्ये पाळावीत. बधिरपणा उतरल्यावर त्याच दिवशी पाहावे, दुसऱ्या दिवशी कळवावे, ‘बघू’ म्हणून आठवडे घालवू नयेत. काय होते, केव्हा होते, कशाने होते हे तीन ओळींत लिहून न्यावे. बोलणे विसरले जाते, लिहिलेले फाईलला जोडता येते. दोनदा ‘सवय होईल’ ऐकल्यावर तिसऱ्यांदा तेच ऐकावयास जाऊ नये. दुसरे मत घ्यावे. शासकीय दंत महाविद्यालये अनेक मोठ्या शहरांत आहेत. इंदुरातील महाविद्यालय 1961 पासूनचे आहे. तेथे रांग लागते, परंतु तेथे एकाच तोंडात विद्यार्थी आणि अध्यापक असे दोघे डोकावतात. दुसरे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांचा अपमान, ही आपली भिडस्त समजूत आता सोडावी. सोयरिकीपूर्वी चार ठिकाणी चौकशी करणारे आपण दाढ कापण्यापूर्वी मात्र संकोचतो.

सभेने एक काम करावे, अशी आमची सूचना आहे. तोंडातल्या दुखण्याचे मराठी शब्द, प्रत्येकापुढे त्याचा अर्थ एका ओळीत आणि शेजारी हिंदी प्रतिशब्द, असे एक पानी पत्रक छापावे व शहरातील जे दंतवैद्य घेतील त्यांच्या प्रतीक्षा-कक्षात लावावयास द्यावे. ठणकणे, शिवशिवणे, आंबणे, हुळहुळणे, टोचणे, अवघडणे, सलणे : एवढ्यांपासून आरंभ करता येईल. वडोदऱ्याच्या वाचकांनी गुजराती, बेळगावच्या वाचकांनी कानडी आणि हैदराबादच्या वाचकांनी तेलुगू रकाना भरून द्यावा. गोव्याकडील मंडळींनी कोकणी. आपापल्या घरी वापरात असलेला, कोशात न सापडणारा एखादा शब्द असेल तर तोही संपादकांकडे अवश्य पाठवावा. पत्रकाच्या तळाशी डॉक्टरांसाठी एकच ओळ छापावी, अशी विनंती आहे : ‘दुखतंय का’ असे विचारून थांबू नये, ‘काय होतंय’ असे विचारावे, आणि उत्तर पुरे होईपर्यंत हातातील आरसा खाली ठेवावा.